हवेच्या टाकीतलं पाणी

जुलैमध्ये मुंबईची हवा ८५ टक्क्यांच्या आसपास दमट असते आणि तापमान ३० अंशांच्या आगेमागे. अशा एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. बसच्या ब्रेकला हवा पुरवणारा कंप्रेसर हीच हवा ओढतो आणि ७ किलोपर्यंत दाबतो (मीटरवर दाब किलोतच असतो, चौरस सेंटिमीटरला अमुक किलो). दाबल्यावर हवेला आठव्या हिश्श्याएवढीच जागा उरते आणि ती गार झाली की तेवढ्या जागेत चार-पाच ग्रॅमच वाफ मावते. बाकीचे वीसेक ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतात. दिवसभरात कंप्रेसरने १० घनमीटर हवा आत घेतली, तर पेलाभर पाणी झालं. डिसेंबरात हाच हिशोब साधारण निम्म्यावर येतो, पण शून्यावर कधीच येत नाही.

हे पाणी बाहेर काढणं हीच हवेच्या टाकीची मुख्य देखभाल. पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. तरीही जुन्या बसमध्ये सगळ्यात जास्त राहून जाणारं काम हेच असतं. त्याचं कारण आळस आहे असं मला वाटत नाही. टाक्या कुठे आहेत, किती आहेत आणि त्यांच्या तळाच्या कॉकपर्यंत (पाणी सोडायच्या तोटीपर्यंत) हात कसा पोचवायचा, हेच बऱ्याच गाड्यांत कोणाला माहीत नसतं. ज्या टाकीला हात पोचत नाही, तिचं पाणी निघत नाही.

डॅशबोर्डवरचा काटा इथे मदतीला येत नाही. तो दाब दाखवतो. साठा किती आहे ते दाखवत नाही. ३० लिटरची कोरडी टाकी ८ किलोवरून ५ किलोवर येईपर्यंत साधारण ९० लिटर मोकळी हवा ब्रेकला देते. तिच्यात १० लिटर पाणी असेल तर तेवढ्याच उतारात ६० लिटरच मिळते. काटा दोन्ही वेळा ८ वरच उभा असतो. उलट पाणी भरलेली टाकी लवकर भरते, त्यामुळे गाडीची हवा पटकन पूर्ण होते आणि ड्रायव्हरला कंप्रेसर चांगला चालतोय असं वाटतं. जुन्या गाडीची हवा अचानक नेहमीपेक्षा लवकर भरू लागली, तर खूश न होता आधी खाली जाऊन टाकीचा कॉक उघडावा.

सपाट रस्त्यावर या कमी साठ्याचा पत्ता लागत नाही. घाटात लागतो. पिकनिकची, लग्नाची किंवा गणपतीत कोकणात जाणारी भरलेली बस उतरताना पेडल सारखं दाबलं-सोडलं जातं आणि प्रत्येक वेळी चाकांजवळच्या ब्रेक चेंबरमधली हवा बाहेर फेकली जाते. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिनाचे फेरे वर असतात, कंप्रेसर जोरात चालतो आणि गेलेली हवा भरून काढतो. न्यूट्रल केली की इंजिन आयडलवर येतं आणि कंप्रेसरही मंदावतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करण्याचं नुकसान म्हणून दुहेरी आहे: इंजिनाची रोख जाते आणि हवेची भरती मंदावते. त्यात टाकीचा तिसरा हिस्सा पाण्याने भरलेला असेल, तर हवा कमी झाल्याचा बजर वाजायला फार उतार लागत नाही. हा बजर बहुतेक गाड्यांत साडेचार-पाच किलोच्या आसपास वाजतो. तो वाजला की गाडी थांबवायची. हवा भरेल म्हणून चालवत राहायचं नाही.

आता टाक्या शोधू. साध्या जुन्या बसमध्ये त्या तीन ते पाच असतात. पहिली ओली टाकी, जिच्यात कंप्रेसरची हवा सगळ्यात आधी येते. मग ब्रेकच्या दोन सर्किटांच्या (हवेच्या दोन स्वतंत्र वाटांच्या) दोन, बहुतेक एक मागच्या चाकांची आणि एक पुढच्या. पार्किंग ब्रेक, दरवाजा, हॉर्न यांच्यासाठी कधी चौथी. आणि एअर ड्रायर (हवेतली वाफ शोषणारा डबा) असेल तर त्याच्या जवळ चार-पाच लिटरची एक छोटी, जिची आठवण कोणालाच नसते. काही ठिकाणी एकाच लांब नळकांड्याला मध्ये पडदा घालून दोन टाक्या केलेल्या असतात. बाहेरून एक दिसते, पण तळाला कॉक दोन असतात.

पुढे इंजिन असलेल्या लेलँड किंवा टाटाच्या चॅसीवर टाक्या चॅसीच्या चॅनलला पट्ट्यांनी आवळलेल्या असतात, बहुधा दोन धुरांच्या मधल्या भागात, डाव्या-उजव्या बाजूला. कारखान्यातून चॅसी निघते तेव्हा त्या उघड्या दिसतात. अडचण बॉडी बांधताना सुरू होते. लक्झरी बसला मोठी डिकी हवी असते आणि डिकीची जागा नेमकी तीच. मग टाकी आत सरकते, आडवी होते, डिकीच्या पत्र्यामागे जाते किंवा मागच्या चाकाच्या कमानीत चढते. पंधरा वर्षांत दोनदा बॉडीचं काम झालेल्या गाडीत कंपनीच्या पुस्तकातला नकाशा आणि प्रत्यक्ष गाडी यांचा संबंध उरत नाही. मागे इंजिन असलेल्या कोचमध्ये टाक्या पुढच्या धुरीच्या आसपास आणि मागच्या धुरीजवळ अशा विभागलेल्या असतात. त्यातली एखादी ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली निघते.

मुंबईत आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. इथल्या बऱ्याच बस सीएनजीवर आहेत आणि गॅसचे सिलिंडरही अनेकदा बसच्या फळीखालीच बसवलेले असतात. त्यांच्यात २०० किलोचा दाब असतो, हवेच्या टाकीच्या पंचवीसपट. सिलिंडर जाड असतो, त्याच्या तोंडावर व्हॉल्व्ह असतो, त्यावर नंबर आणि तपासणीची तारीख ठोकलेली असते, नळी बारीक स्टीलची असते आणि तळाला कॉक नसतो. हवेच्या टाकीच्या तळाला कॉक असतोच. हा फरक डोळ्यांनी पटल्याशिवाय कशालाही पाना लावू नये.

गाडीखाली जाण्याआधी गाडी सपाट जागी किंवा पिटवर घ्यावी, इंजिन बंद करावं आणि चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात. जुन्या गाड्यांत याला पर्याय नाही. मागे स्प्रिंगचे ब्रेक असलेली गाडी हवा गेली की आपोआप जखडते. पण त्याआधीच्या रचनेत हवा गेली म्हणजे ब्रेक गेला, आणि उरतो तो फक्त हाताचा दांडा. एअर सस्पेन्शनच्या कोचला दुसरा धोका आहे. हवा सोडली की बॉडी खाली बसते, आणि खाली माणूस असेल तर त्याच्यावर बसते. अशा गाडीत बॉडीखाली स्टँड लावल्याशिवाय आत शिरायचंच नाही. जॅक म्हणजे स्टँड नव्हे.

शोध कंप्रेसरपासून सुरू करावा. त्यातून निघणारी नळी धातूची असते, कारण तिथे हवा दीडशे अंशांच्या वर तापलेली असते. ती नळी धरून गेलं की अनलोडर (टाक्या भरल्या की कंप्रेसरची हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा ड्रायर लागतो आणि त्यानंतरची पहिली टाकी ती ओली. तिच्यातून दोन फाटे निघतात, प्रत्येकाच्या वाटेत एकमार्गी व्हॉल्व्ह, ज्याला सगळे एनआरव्ही म्हणतात. काही गाड्यांत त्याऐवजी चार तोंडांचा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो, जो एका सर्किटची हवा गेली तरी बाकीच्यांची राखतो. मोबाइलच्या उजेडात एवढं बघून होतं. पण कोणती टाकी कोणत्या सर्किटची, हे पक्कं कळायला हवा सोडून बघणं चांगलं.

गाडी पूर्ण भरावी, अनलोडर सुटल्याचा आवाज आला की इंजिन बंद करावं. एकाने काट्यांसमोर बसावं, दुसऱ्याने खाली जावं. आधी ओल्या टाकीचा कॉक उघडावा. ती रिकामी झाली तरी दोन्ही काटे जागेवर राहायला हवेत. एखादा काटा उतरू लागला, तर त्या फाट्याचा एनआरव्ही हवा मागे सोडतोय. म्हणजे कंप्रेसरची नळी रस्त्यात फुटली तर ते सर्किटही रिकामं होणार. मग पुढचा कॉक. आता एकच काटा पडायला हवा. पडला तो काटा ज्या सर्किटचा, ती टाकी त्याची. दुसरा काटा एनआरव्हीच्या गाडीत हलत नाही. प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या गाडीत तो थोडा उतरून साडेचार-पाच किलोच्या आसपास थांबतो. तिथे थांबला नाही आणि पहिल्यासोबत शून्याकडे निघाला, तर दोन सर्किट असूनही गाडी एकाच सर्किटची आहे. एकाच चाचणीत टाकीचा पत्ताही लागतो आणि व्हॉल्व्हची परीक्षाही होते, म्हणून वर्षातून एकदा तरी ती करावीच. ज्या टाकीने कोणताच काटा हलत नाही आणि जी ओलीही नाही, ती दरवाज्याची, पार्किंगची किंवा ड्रायरची. सापडलेल्या प्रत्येक टाकीवर ऑइल पेंटने नंबर घालावा, तोच नंबर बाहेरच्या फ्लॅपवर आतून लिहावा आणि साधा हाताने काढलेला नकाशा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये चिकटवावा. गाडी विकली गेली तरी तो नकाशा गाडीसोबत जातो.

ज्या कॉकला हात पोचत नाही, त्याला कडीचा ड्रेन व्हॉल्व्ह बसवावा. त्याची दांडी कुठल्याही बाजूला ओढली की व्हॉल्व्ह उघडतो आणि सोडली की मिटतो. कडीला दीड-दोन मिलिमीटरची स्टेनलेस तार बांधून ती बाजूच्या पत्र्यापर्यंत आणावी. तार थोडी सैल हवी. ताणलेली असेल तर गाडी हेलकावली की हवा सुटत राहते. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि माझ्या मते जुन्या बसवर करण्यासारखी सगळ्यात मोलाची सुधारणा हीच.

पाणी काढताना क्रम पाळावा: आधी ओली, मग बाकीच्या. आधी पुढची टाकी सोडली तर तिची जागा भरायला ओल्या टाकीतली हवा पाण्यासकट पुढे सरकते. एक पिचकारी मारून कॉक सोडून देणं उपयोगाचं नाही. आधी पाणी येतं, मग पाण्याचे तुषार, मग कोरडी हवा. कोरड्या हवेचा आवाज वेगळा असतो आणि तो येईपर्यंत धरून राहायचं. महिन्यातून एकदा सगळ्या टाक्या शून्यावर आणून कॉक दहा-पंधरा मिनिटं उघडे ठेवावेत, कारण तेलमिश्रित चिखल दाबाखाली बाहेर न येता कॉकच्या तोंडाशी अडकून बसतो. कॉक उघडूनही काहीच आलं नाही तर टाकी कोरडी असेलच असं नाही, तोंड बुजलेलं असू शकतं. ते तार घालून साफ करायचं ते टाकी शून्यावर असतानाच.

रात्री की सकाळी, यावर गॅरेजमध्ये नेहमी दोन मतं असतात. रात्री गाडी लावताना पाणी काढलं तर ते रात्रभर पत्र्याला लागून राहत नाही. पण तेव्हा टाकी गरम असते आणि बरीचशी वाफ अजून पाणी झालेली नसते. ती पहाटेपर्यंत गार होऊन तळाला येते. वर्षभर रात्री काढावं आणि जून ते ऑक्टोबर पहाटे इंजिन चालू करण्यापूर्वी पुन्हा एकदा, हे मला पटतं. ओली टाकी इंजिनाच्या किंवा सायलेन्सरच्या जवळ सरकवलेली असेल तर पहाटेचं काम बारा महिने करावं. तिथे हवा गार होतच नाही; पाणी पुढच्या टाक्यांत जाऊन बनतं.

बाहेर काय आलं ते पांढऱ्या कागदावर किंवा प्लास्टिकच्या झाकणात धरून बघावं. नुसतं पाणी असेल तर ते हवामान आहे. दुधाळ किंवा चहाच्या रंगाचं आलं तर पाण्यात तेल मिसळलंय. थोडंसं तेल प्रत्येक कंप्रेसर सोडतो, पण चमचाभर रोज येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, किंवा कंप्रेसरची तेल परत जाण्याची नळी चोंदली आहे, किंवा हवेचा फिल्टर भरलाय आणि ओढ वाढून तेल रिंगांवरून वर येतंय. यातला फिल्टर आधी बघावा, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे. तेल आल्यावर ब्रेक व्हॉल्व्हची आतली रबरं फुगतात, आणि मग पेडल सोडल्यावर ब्रेक उशिरा सुटतो. अशा गाडीत व्हॉल्व्हचा किट बदलून पैसे जातात आणि दुखणं परत येतं. काळं, चिकट आलं तर कंप्रेसर फार तापतोय आणि तेल जळून त्याचा कार्बन होतोय. मग कंप्रेसरमधून निघणारी डिस्चार्जची नळी सोडून आतून बघावी. दीड-दोन मिलिमीटरचा थर बसला असेल तर नळी साफ करण्यापेक्षा बदलणंच बरं. नवी नळी कंप्रेसरकडून टाकीकडे सलग उतरती हवी. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचतं. तांबूस पाणी म्हणजे टाकी आतून गंजतेय. आणि पांढरी पूड आली तर ड्रायरच्या आतले वाफ शोषणारे दाणे फुटताहेत; ते दाणे असलेलं काडतूस त्याच दिवशी बदलायचं, कारण ती पूड पुढच्या प्रत्येक व्हॉल्व्हला खाते.

ड्रायर बसवला म्हणून कॉकची सुट्टी होत नाही. ड्रायर स्वतःला सुकवतो तो अनलोडर सुटल्यावर, छोट्या टाकीतली कोरडी हवा उलटी सोडून. गाडीत गळती असेल किंवा दर दोनशे मीटरला दरवाजा उघडत-मिटत असेल, तर कंप्रेसरला दम मिळत नाही आणि ड्रायरला सुकायची वेळ येत नाही. शहरात थांबत-थांबत फिरणाऱ्या बसमध्ये हेच होतं. आठवड्यातून एकदा कॉक उघडावा, कागद ओला झाला तर काडतूस गेलं.

म्हणून गळती बघावी. हवा पूर्ण, इंजिन बंद, ब्रेक सोडलेला. अमेरिकेत अशा बसच्या ड्रायव्हरला परीक्षेत जी मर्यादा सांगितली जाते, ती आपल्या मापात मिनिटाला साधारण ०.१५ किलो, पेडल दाबून धरल्यावर ०.२ किलो. जुन्या गाडीलाही ती जमते, फक्त जोड तपासावे लागतात. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी ब्रशने लावत जावं: नळीचे युनियन, कॉकचा तळ, टाकीची वेल्डिंगची रेघ, पट्ट्याची कड. जोडावर फुगे आले तर जोड सोडून वॉशर किंवा ओ-रिंग बदलावी. भरलेल्या लाइनवर नुसता पाना आवळत राहिलं की आटे जातात. टाकीच्या पत्र्यावरच फुगे आले तर दुरुस्तीचा विषय संपला.

पत्रा जातो तो दोन ठिकाणांहून. आतून तळाच्या रेषेत, जिथे पाणी पडून असतं, आणि बाहेरून पट्ट्याखाली, जिथे चिखल अडकतो. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे अशा ठिकाणच्या पाण्यातून गेलेल्या बसच्या पट्ट्याखालचं रबर दिवसेंदिवस ओलं राहतं, आणि गाडी खाडीजवळ उभी राहत असेल तर त्यात खारी हवाही भर घालते. पावसाळा संपला की ऑक्टोबरात टाक्या शून्यावर आणून पट्टे सोडावेत, रबर काढावं, तारेच्या ब्रशने पत्रा साफ करावा आणि रेड ऑक्साइड मारून वर रंग द्यावा. बाहेरून वरवरचा गंज चालतो. खड्डे पडलेला, पापुद्रे सुटणारा, पोचा पडलेला पत्रा चालत नाही. टाकीची जाडी मुळात दोन-तीन मिलिमीटरच असते. शंका असेल तर तळाच्या रेषेत अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावून घ्यावा.

टाकीला वेल्डिंग करायचं नाही. छोट्या भोकालाही नाही, ब्रॅकेट बसवायलाही नाही. उष्णतेने आतला लेप जळतो, वेल्डच्या शेजारचा पत्रा कमजोर होतो, आणि आत तेलाची वाफ असेल तर ठिणगीने ती पेटते. एम-सील लावून चालवलेली टाकी तर रोज आठ किलोवर भरली जाते आणि प्रवाशांच्या सीटखाली असते. भंगारातली टाकीही घेऊ नये. बाहेरून रंगवलेल्या टाकीच्या आतलं कोणाला दिसत नाही. टाकीची कसोटी लागलीच तर ती पाणी भरून घ्यायची, हवेने नाही. पाण्याने भरलेली टाकी फुटली तर गळते, हवेने भरलेली फुटली तर उडते.

नवी टाकी घेताना लांबी-व्यास जुळतो का एवढंच बघून चालत नाही, लिटर बघावे. डिकीला जागा मिळावी म्हणून लहान टाकी बसवलेल्या गाड्या असतात. अमेरिकेच्या नियमात टाक्यांचं एकूण आकारमान सगळ्या ब्रेक चेंबरांच्या एकूण आकारमानाच्या किमान बारापट असावं लागतं. आपल्याकडे कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे. आटे बघावेत: बहुतेक टाक्यांना २२ मिलिमीटरचे, दीड पिचचे (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर) असतात आणि ते ओ-रिंगवर किंवा वॉशरवर बंद होतात. तिथे टेफ्लॉनची टेप लावली की तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. काही जुन्या गाड्यांत इंची आटे निघतात. त्यात मिलिमीटरचा कॉक दोन फेरे जातो, तिसऱ्याला अडतो, आणि तिथेच कोणीतरी जोर लावतं. असा कॉक भरलेल्या टाकीतून गोळीसारखा सुटू शकतो.

बसवताना कॉक अगदी तळाला, घड्याळात सहा वाजतात तिथे यायला हवा. २८ सेंटिमीटर व्यासाची, ७० सेंटिमीटर लांब टाकी जरा फिरून कॉक पाचवर आला, तर तो तळापासून जवळपास दोन सेंटिमीटर वर जातो आणि सव्वा लिटर पाणी कधीच निघत नाही, रोज कॉक उघडला तरी. टाकी लांबीतही सपाट हवी, कॉकच्या बाजूला किंचित झुकलेली असली तर उत्तम. न वापरलेल्या तोंडांना स्टीलचे प्लग लावावेत. पट्ट्याखाली नवं रबर पूर्ण रुंदीचं घालावं, धातूला धातू लागू देऊ नये. मग इंजिन चालू करून हवा भरावी, अनलोडर सुटेपर्यंत. वाटेत दोन-तीन किलोवर थांबून साबणाचं पाणी फिरवावं आणि पूर्ण भरल्यावर पुन्हा. काट्यांची चाचणी परत करावी, कारण नळ्या जोडताना दोन सर्किटांची अदलाबदल सहज होते. आणि आठवड्याने पट्ट्यांचे नट पुन्हा आवळावेत. नवं रबर तोवर दबलेलं असतं.